पंधरा ऑगस्टला कोणता युद्धपट लावावा: ‘बॉर्डर’, ‘एलओसी कारगिल’, ‘लक्ष्य’ की ‘गुंजन सक्सेना’?

जुलै संपत आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच विषय सुरू होतो. पंधरा ऑगस्टच्या संध्याकाळी खालच्या हॉलमध्ये कोणता चित्रपट दाखवायचा? आम्ही साताऱ्यात राहतो. इथे फौज ही कुणा परक्याची गोष्ट नाही. जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ जोडूनच बोलतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. आमच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत मराठा लाइट इन्फंट्रीतले निवृत्त सुभेदार बसतात. त्यांच्या मागे एनडीएच्या परीक्षेची तयारी करणारी मुलगी, खांबाला टेकून केरळचं एक जोडपं, तळमजल्यावरच्या मुस्लिम आजी नातवंडांना घेऊन, आणि चटईवर पंचवीस-तीस पोरं.

निवड बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्यामुळे हे चित्रपट मी एकदा स्वतःसाठी आणि अनेकदा या हॉलसाठी पाहिले आहेत. हॉलसाठी पाहताना माझं लक्ष वेगळ्या गोष्टीकडे असतं. पडद्यावरच्या फौजेत या सगळ्यांना जागा आहे का? आणि ती जागा कशी आहे? नुसतं नाव घेऊन सोडून दिलंय, की त्या माणसाला काही काम दिलंय, घर दिलंय, एखादा निर्णय घ्यायला दिलाय? तुम्हालाही शाळेसाठी, मंडळासाठी किंवा घरच्या पोरांसाठी यातला एक निवडायचा असेल, तर माझा अनुभव उपयोगी पडेल.

आधी फौजेची एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय ही तुलना होत नाही. युद्धपट म्हटलं की एकाच तुकडीत एक सरदारजी, एक मुसलमान, एक मद्रासी आणि एक बंगाली बसवायची आपल्याला सवय झाली आहे. प्रत्यक्षात भारतीय पायदळाची मांडणी तशी नाही. शीख, डोगरा, गढवाल, गोरखा या रेजिमेंटमध्ये जवान बहुतेक एकाच समाजाचे किंवा भागाचे असतात. पंजाब रेजिमेंटमध्ये प्रामुख्यानं शीख आणि डोगरा. ब्रिगेड ऑफ द गार्ड्स ही १९४९ मध्ये मुद्दाम सर्व समाजांची म्हणून उभी केली. अधिकारी मात्र कुठूनही येतो, आणि आला की जवानांची भाषा, त्यांचे सण, त्यांची युद्धघोषणा आपली करतो. कारगिलमध्ये महावीरचक्र मिळालेले कॅप्टन क्लिफर्ड नोंगरूम हे शिलाँगचे खासी. त्यांची पलटण होती १२ जम्मू अँड काश्मीर लाइट इन्फंट्री, म्हणजे त्या रेजिमेंटची, जिच्यात निम्मे जवान मुस्लिम असतात. मेघालयाचा अधिकारी जम्मू-काश्मीरच्या जवानांना घेऊन पॉइंट ४८१२ या शिखरावर चढतो. आपल्या फौजेतली विविधता ही अशी आहे. एका तुकडीत सगळे नमुने बसवण्यापेक्षा ती कितीतरी सुंदर आहे, पण दाखवायला अवघड आहे.

हे ‘एलओसी कारगिल’नं दाखवायचा प्रयत्न केला. जे. पी. दत्तांचा हा २००३ चा चित्रपट एका पलटणीकडून दुसऱ्या पलटणीकडे जातो. १८ ग्रेनेडियर्स, १३ जम्मू अँड काश्मीर रायफल्स, २ राजपुताना रायफल्स, १७ जाट, १/११ गोरखा रायफल्स. प्रत्येकाचा डोंगर वेगळा, घोषणा वेगळी. रायफलमन संजय कुमार आणि ग्रेनेडियर योगेंद्रसिंह यादव या दोघांना परमवीरचक्र मिळालं तेव्हा ते अधिकारी नव्हते, आणि चित्रपट त्यांना मेजर-कॅप्टनच्या बरोबरीची जागा देतो. मला तो याचसाठी आवडतो. अडचण लांबीची आहे: सव्वाचार तास. इतक्या माणसांच्या गर्दीत पोरांना कोण कुठला हे कळत नाही. प्रत्येक जवानाच्या आठवणीत एक बायको किंवा प्रेयसी येते आणि तिच्यावर एक गाणं येतं. त्या सगळ्या बायका एकसारख्याच वाटायला लागतात. आम्ही तो एकदाच लावला. मध्यंतरानंतर निम्मा हॉल रिकामा होता. घरी दोन रात्रींत विभागून पाहायचा असेल तर जरूर पाहा, शेजारी कारगिलचा नकाशा ठेवून.

आता ‘बॉर्डर’ आणि ‘लक्ष्य’. बहुतेकांची खरी निवड या दोघांतच असते, म्हणून इथे थोडं थांबतो.

‘बॉर्डर’ १९९७ चा, १९७१ च्या डिसेंबरातल्या लोंगेवालाच्या लढाईवरचा. त्याला राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा नर्गिस दत्त पुरस्कार मिळाला होता, आणि का मिळाला ते कळतं. वाळवंटातल्या त्या चौकीवर नुसते लढणारे हात दिसत नाहीत. आचारी भागीराम आहे. बायको आजारी म्हणून रजा मागणारा मथुरादास आहे. सीमा सुरक्षा दलाचा राजस्थानी भैरोसिंग आहे, ज्याच्यासाठी ही वाळू म्हणजे घरची जमीन आहे. जळत्या घरात शिरून मुस्लिम गावकऱ्याचं कुराण तोच बाहेर काढतो. आमच्याकडे तो प्रसंग आला की हॉल शांत होतो. तळमजल्यावरच्या आजी दर वेळी त्या जागी पदर डोळ्यांना लावतात.

तरीही त्याच प्रसंगाबद्दल मला एक बोलायचं आहे. तो मुसलमान गावकरी वाचवला जातो, आभार मानतो आणि गोष्टीतून जातो. त्याला दयेचा वाटा मिळाला, पराक्रमाचा नाही. खेमकरणमध्ये पाकिस्तानी रणगाडे फोडणारा हवालदार अब्दुल हमीद ज्या फौजेत होता, तिच्यावरच्या चित्रपटात मुस्लिम माणूस बंदूक धरलेला दिसावा ही अपेक्षा जास्त नाही. बायकांचंही तसंच. आंधळी आई, नवी नवरी, बदली करून घ्या म्हणणारी बायको. सगळ्या मनाला भिडतात, कारण नट्या चांगल्या आहेत. पण त्यांना चित्रपटभर निरोप द्यायचं आणि वाट पाहायचं एवढंच काम आहे.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगायलाच हवी. चित्रपटात भैरोसिंग शहीद होतो. प्रत्यक्षातले भैरोसिंग राठोड त्या लढाईतून जिवंत परतले, त्यांना १९७२ मध्ये सेना पदक मिळालं, आणि ते २०२२ च्या डिसेंबरात जोधपूरला वारले. पडद्यावर आपला मृत्यू पाहून पुढची पंचवीस वर्षं जगलेला तो माणूस होता. सीमा सुरक्षा दलाच्या जवानाला हिंदी पडद्यावर इतकी मोठी जागा क्वचितच मिळाली. ती मिळताना त्याचं जगणं काढून घेतलं गेलं, याचं मला फार वाईट वाटतं. आम्ही ‘बॉर्डर’ लावतो तेव्हा शेवटी दिवे लागल्यावर मी हे आवर्जून सांगतो.

‘लक्ष्य’ २००४ चा, फरहान अख्तरचा. गोष्ट काल्पनिक, जागा कारगिल, पलटण ३ पंजाब. पहिल्या तासात युद्धच नाही, म्हणून काही जण कंटाळतात. दिल्लीचा एक श्रीमंत, दिशा नसलेला मुलगा डेहराडूनच्या अकादमीत जातो, पळून येतो, पुन्हा जातो. पण पाहायला गेलं तर हा चित्रपट फौजेतली माणसं ‘बॉर्डर’पेक्षा समजून दाखवतो. कारण तो कुणालाच नमुना म्हणून उभा करत नाही. चमूत कॅप्टन जलाल अकबर आहे, आपला हुद्दा आणि काम घेऊन वावरणारा. पलटणीचा कमांडिंग ऑफिसर कर्नल सुनील दामले, आणि ती भूमिका अमिताभ बच्चन करतात. आमच्या सुभेदारांना त्या नावाचं फार अप्रूप. पंजाबी जवानांच्या पलटणीवर मराठी आडनावाचा कर्नल, आणि चित्रपट त्याचा गाजावाजा करत नाही. पलटणीत असंच असतं, असं ते म्हणतात.

माझ्या दृष्टीनं ‘लक्ष्य’मधला सगळ्यात मोलाचा माणूस म्हणजे ओम पुरींनी केलेला सुभेदार मेजर प्रीतमसिंग. वाट्याला प्रसंग थोडेच. तरुण अधिकाऱ्याला तो अनुभवाचे चार शब्द सांगतो: शत्रू हरला तरी एकदा उलटून येतोच, जिंकलात म्हणून लगेच गाफील राहू नका. पडद्यावर तो आला की पहिल्या रांगेतले आमचे सुभेदार जरा ताठ बसतात. एकदा चित्रपट संपल्यावर ते मला म्हणाले, “पलटणीत नवा लेफ्टनंट आला की त्याला सुभेदार हाताशी धरतो. अधिकारीसुद्धा आम्हाला ‘साहेब’ म्हणूनच हाक मारतात. बाहेरच्यांना हे माहीतच नसतं.” त्या दिवसापासून मी प्रत्येक युद्धपटात सुभेदार शोधतो. बहुतेक ठिकाणी तो मागे उभा असतो, ‘येस सर’ म्हणतो आणि पहिल्या गोळीला पडतो. धर्म आणि प्रांत यांच्यावर पुष्कळ बोललं जातं, पण आपल्या युद्धपटांत सगळ्यात मोठी दरी हुद्द्याची आहे. नायक जवळजवळ नेहमी अधिकारी, इंग्रजी बोलणारा, देखणा. सातारा-सांगली-कोल्हापुरातून भरतीला धावणारी पोरं शिपाई म्हणून जातात. पडद्यावर त्यांना त्यांचं पुढचं आयुष्य दिसत नाही.

प्रीती झिंटाची रोमिलाही मला महत्त्वाची वाटते. ती पत्रकार आहे, आघाडीवर बातमी करायला येते. नायक अकादमीतून पळून आला म्हणून त्याला सोडणारी तीच, आणि तिच्या त्या निर्णयावर पुढची सगळी गोष्ट उभी आहे. ती नसती तर चित्रपटच झाला नसता.

दोघांत निवडायचं तर: भावनेचा जोर ‘बॉर्डर’कडे, गाणी ‘बॉर्डर’कडे, मोठ्या आवाजात बघायची मजा ‘बॉर्डर’कडे. माणसांना दिलेला मान ‘लक्ष्य’कडे. दोन्ही तीन तासांच्या आसपास, त्यामुळे वेळेचा फरक पडत नाही. समोर दहा-बारा वर्षांची मुलं आणि मिश्र वस्ती असेल तर मी ‘लक्ष्य’ लावतो.

मुलींसाठी काय, हा प्रश्न आमच्याकडे गेल्या काही वर्षांत वाढला आहे, आणि वाढणारच. खडकवासल्याच्या एनडीएतून २०२५ च्या मे महिन्यात मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, १७ जणी. सातारा-पुण्याच्या घरांत ती बातमी लोकांनी कापून ठेवली आहे. त्यांच्यासाठी हाताशी पटकन येतो तो २०२० चा ‘गुंजन सक्सेना’. दोन तासांच्या आत संपतो, हिंसा कमी, बाप-लेकीचं नातं फार हळुवार. चित्ता हेलिकॉप्टरमधून जखमींना आणणारी मुलगी पडद्यावर पाहिली की चटईवरच्या मुली पुढे सरकून बसतात, हे मी दर वेळी पाहिलं आहे. तळावर बायकांसाठी कपडे बदलायलाही खोली नाही, हा प्रसंग तर त्यांना लगेच कळतो. शाळेतली स्वच्छतागृहं त्यांना माहीत आहेत.

पण हा चित्रपट लावण्याआधी थोडं बोलायला लागतं. त्यात वरिष्ठ आणि सहकारी तिला उडू देत नाहीत, पंजा लढवायला लावून तिचा पाणउतारा करतात. हवाई दलानं प्रदर्शनाच्या वेळी सेन्सॉर बोर्डाला पत्र लिहून या चित्रणावर हरकत घेतली. स्वतः गुंजन सक्सेना यांनी सांगितलं की हवाई दलानं आपल्याला समान संधी दिली. त्याच तळावर त्यांच्याबरोबर नेमणूक झालेल्या श्रीविद्या राजन यांनी जाहीरपणे लिहिलं की पंजा लढवण्याचा प्रसंग घडलाच नाही, आणि सुरुवातीच्या अडचणी व काहींचे पूर्वग्रह मात्र खरे होते. मला सगळ्यात खटकतं ते इथे: तळावर दोन मुली होत्या आणि चित्रपटानं एकीला पुसून टाकलं. एकटीची लढाई दाखवायची म्हणून दुसरीला जागाच ठेवली नाही. पहिलेपणाचा मान एकीलाच द्यायचा या हट्टात मुलींची सोबत हरवते, आणि ज्या मुली वसतिगृहात राहून पुढे जाणार आहेत त्यांना सोबतच जास्त लागते.

याच्या शेजारी २०१९ चा ‘उरी’ ठेवून पाहा. त्यात कीर्ती कुल्हारीची वैमानिक आणि यामी गौतमची गुप्तचर अधिकारी आहे. दोघींच्या कामाबद्दल कुणी प्रश्न विचारत नाही. त्या मोहिमेत आहेत, एवढंच. हे मला आवडतं. वेळ दोघींना फारच कमी मिळतो, पण मिळतो तो कामाचा. तरीही ‘उरी’ मी हॉलमध्ये लावत नाही. मारामारी लहान मुलांसाठी फार आहे हे एक कारण. दुसरं कारण सुरुवातीचा प्रसंग. ईशान्य भारत पडद्यावर येतो तो हल्लेखोरांच्या रूपात. तसा हल्ला खरंच झाला होता, २०१५ च्या जूनमध्ये मणिपुरात, हे मान्य. पण आपल्या मुलांनी मोठ्या हिंदी पडद्यावर त्या चेहऱ्याचा शूर सैनिक पाहिलेला नसतो, आणि मग पहिली ओळख हीच होते. १ नागा आणि २ नागा या पलटणी कारगिलमध्ये लढल्या. नागालँडमधल्या कोहिमा जिल्ह्याचे कॅप्टन केंगुरुसे सोळा हजार फुटांवर कड्याला पकड मिळावी म्हणून बूट काढून चढले आणि परतले नाहीत. त्यांना महावीरचक्र मिळालं, आणि त्यांचे जवान त्यांना लाडानं ‘निंबू साहब’ म्हणत. त्यांच्यावरचा चित्रपट मला या हॉलमध्ये लावायचा आहे.

दक्षिणेतून आलेल्या २०२४ च्या ‘अमरन’बद्दल थोडक्यात. तमिळ मेजर मुकुंद वरदराजन, त्यांची मल्याळी ख्रिश्चन पत्नी इंदू रिबेका वर्गीस, आणि राजपूत रेजिमेंट. दोन भाषांतलं, दोन धर्मांतलं घर इतक्या मायेनं मी हिंदी युद्धपटात पाहिलेलं नाही. काश्मिरींच्या चित्रणावर तमिळनाडूतच आक्षेप घेतले गेले, आणि ते पाहताना मलाही जाणवले. मोठ्यांसाठी निवडा, लहानांसाठी नको.

मराठी माणूस यात कुठे आहे, हा प्रश्न आमच्याकडे हमखास निघतो. जुनं उत्तर आहे नाना पाटेकरांचा १९९१ चा ‘प्रहार’. त्यासाठी त्यांनी मराठा लाइट इन्फंट्रीबरोबर प्रशिक्षण घेतलं होतं, आणि बेळगावचं ते कमांडो प्रशिक्षण आजही अंगावर येतं. पण त्या चित्रपटाचं काळीज पीटर डिसूझा आहे, मुंबईतल्या बेकरीवाल्याचा मुलगा. फौजेत जायचं त्याचं स्वप्न आणि त्याच्या म्हाताऱ्या बापाचा एकटेपणा, दोन्ही पूर्ण माणसांसारखे येतात. ख्रिश्चन म्हणजे दारू आणि गिटार, असं हिंदी पडद्यावर चालायचं त्या काळातली ही गोष्ट आहे. शेवट फार जड आहे, म्हणून कॉलेजच्या मुलांपासून पुढे.

आणि एक गोष्ट सगळेच चित्रपट टाळतात: जात. धर्म दिसतो, प्रांत दिसतो, जात दिसत नाही. महाराष्ट्राला तर हा विषय नवा नाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. पुढे इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, तेव्हा निवृत्त फौजी गोपाळबाबा वलंगकरांनी तिच्याविरुद्ध अर्ज केले. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, ती मिळवायला बाबासाहेबांना सरकारदरबारी भांडावं लागलं. वर्दीत दिसण्याचा हक्क इथे पडद्याच्या कितीतरी आधी मागितला गेला आहे. २०२५ मध्ये, १९६२ च्या चीन युद्धातल्या रेझांग ला इथल्या लढाईवरच्या ‘१२० बहादुर’च्या वेळी अहीर समाजानं आंदोलन केलं, नावातच ‘वीर अहीर’ हवं म्हणून. १३ कुमाऊंच्या त्या कंपनीतले जवान बहुतेक अहीर होते. नाव बदलावं की नाही यावर दुमत होईल. पण आपले एवढे लोक गेले आणि लक्षात राहिला तो कंपनीचा मेजर, हे त्यांचं दुखणं मला समजतं. आमच्या हॉलमध्ये महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले एक काका येतात. त्यांना दाखवायला माझ्याकडे अजून एकही चित्रपट नाही.

तर या वर्षीचं ठरलं आहे. पंधरा ऑगस्टला ‘लक्ष्य’, सहा वाजता, मध्यंतर धरून साडेनऊपर्यंत. ‘गुंजन सक्सेना’ मुलींच्या गटासाठी वेगळ्या रविवारी, आणि आधी श्रीविद्या राजन यांच्याबद्दल मी बोलणार. एक सूचना: घरच्या ओटीटी खात्यावरून सार्वजनिक खेळ लावणं नियमात बसत नाही, परवानगीचं आधी बघून घ्या.

सुरुवातीची दहा मिनिटं सुभेदारांना दिली आहेत. ते म्हणाले, मी ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’नं सुरू करतो. ग्रुपवर हे वाचून केरळच्या दादांनी विचारलं की त्यांचा थोरला भाऊ मद्रास रेजिमेंटमध्ये होता, तर ‘वीर मद्रासी, अडी कोल्लू, अडी कोल्लू’ म्हटलं तर चालेल का. सुभेदारांनी त्यांना फोन केला. आता दोघं मिळून पोरांना ती घोषणा शिकवताहेत, रोज संध्याकाळी, पार्किंगमध्ये.